गोंदण राहू द्या

संपादकांनी दिलेला विषय ‘व्यक्तिचित्रण : कला की व्यवसाय’ असा होता. सोबत सूचना होती, की वाचकांना कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, तेव्हा तांत्रिक भाग बेताने असावा. सूचना मी मनावर घेतली आहे. पण चेहऱ्यावर बोलायचं तर प्रकाशावर बोलावं लागतं, आणि प्रकाशावर बोलायचं तर थोडं रसायन, थोडं गणित आणि हल्ली थोडं संगणकशास्त्रही येतंच. ते टाळून लिहिलेले फोटोग्राफीवरचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत ‘क्षण टिपणं’ आणि ‘डोळ्यांतली भाषा’ यापलीकडे हाती काही लागत नाही.

शिवाय कला की व्यवसाय, हा प्रश्न मला सध्या छळत नाही. छळतो तो वेगळाच, आणि तो या उन्हाळ्यात आपल्या पायांनी माझ्या दुकानात आला.

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. औद्योगिक वसाहत आली, बोरविहीर-नरडाणा लोहमार्गाचं काम निघालं, तरी इथल्या माझ्या दुकानात फोटोसाठी येणारी माणसं अजून आसपासच्या खेड्यांतलीच आहेत. बेटावदच्या बाजूचे दोघे भाऊ आले. आई वारली होती, गंधमुक्ती तोंडावर होती आणि भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आईचा एकटीचा असा फोटो घरात नव्हता. होतं ते आधार कार्ड. गावातल्या एका पोराने त्यावरून मोबाइलच्या अ‍ॅपवर मोठा फोटो करून दिला होता. “ताई, फक्त छापून द्या, बारा बाय अठरा,” थोरला म्हणाला.

मी तो फोटो संगणकावर उघडला. उजळ, रेखीव चेहरा. भुवया कोरल्यासारख्या. सत्तरी उलटलेल्या बाईच्या गालावर एकही सुरकुती नाही. बुबुळांत खिडकीचा चौकोनी कवडसा होता. मूळ फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यात तो असणं शक्यच नव्हतं. आणि हनुवटी कोरी. आधार कार्डावर हनुवटीशी एक करडा डाग दिसत होता. भिंग लावून पाहिलं तेव्हा कळलं की ते गोंदण आहे. भावांबरोबर त्यांची मावशी आली होती, वारलेल्या बाईंची धाकटी बहीण. तिच्या हनुवटीवर उभ्या ओळीत तीन ठिपके होते, जुन्या गोंदणाला येतो तसा हिरवट रंग चढलेले. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हाई मनी बहीन नही शे.”

थोरल्याने तिची समजूत काढली, “मावशी, फोटो क्लिअर केला ना, म्हणून तसा वाटतो.”

‘क्लिअर करून द्या’ हे वाक्य मी रोज ऐकते. ते वाक्य ज्या समजुतीवर उभं आहे ती समजूत आधी मोडून काढायला हवी. लोकांना वाटतं, बारकावे फोटोच्या आत कुठेतरी दडलेले असतात, फक्त धूळ झटकली की वर येतात. टीव्हीवरच्या तपासाच्या मालिकांनी हा समज घट्ट करून ठेवला आहे : धूसर फोटो, दोन बटणं, आणि गुन्हेगाराचा चेहरा लख्ख. प्रत्यक्षात कार्डावरचा फोटो बोटाच्या पेराएवढा. तो मोबाइलने पुन्हा टिपला की दोन डोळ्यांच्या मधल्या जागेत प्रकाशाचे मोजके ठिपके उरतात. त्या ठिपक्यांत पापणीचा केस नसतो, तिळाची कड नसते, गोंदणाचा आकार नसतो. जे टिपलंच गेलं नाही ते बाहेर काढता येत नाही.

मग अ‍ॅप काय करतं? अंदाज बांधतं. चेहरे दुरुस्त करणारी जी तंत्रं गेल्या काही वर्षांत पसरली, त्यांतलं २०२१ मधलं जीएफपीगॅन हे एक नावाजलेलं. त्याच्या पोटात चेहरे ‘कल्पून काढणारी’ एक प्रणाली असते, आणि ती शिकली आहे एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर. हा संग्रह २०१९ साली एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांनी चढवलेल्या फोटोंतले सत्तर हजार चेहरे त्यात आहेत. धूसर फोटो पुढे आला की ही प्रणाली आपल्या शिकवणीतून असा चेहरा उभा करते, जो लहान आणि धूसर केला तर त्या कार्डावरच्या फोटोसारखा दिसेल. असे चेहरे असंख्य असू शकतात. त्यांतला एक ती देते. फ्लिकरवर फोटो चढवणाऱ्यांच्या जगात हनुवटीवर गोंदलेल्या खान्देशातल्या म्हाताऱ्या जवळजवळ नाहीतच. तेव्हा करडा डाग प्रणालीच्या लेखी खोट ठरतो आणि त्या जागी कोरी कातडी येते. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या पल्स नावाच्या तशाच एका प्रणालीला कुणी बराक ओबामांचा धूसर फोटो घातला, तर तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. त्यावर जगभर चर्चा झाली. आमच्याकडे हे रोज घडतं आणि त्याला ‘क्लिअर’ म्हणतात.

आधार कार्डाला मी दोष देत नाही. त्या फोटोचं काम ओळख पटवण्याचं, ते तो करतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला. त्याआधी १९९३ पासून मतदार ओळखपत्रं आली. खेड्यातल्या एका आख्ख्या पिढीतल्या अनेक बायकांचा एकटीचा पहिला आणि शेवटचा फोटो सरकारने काढला आहे. लग्नात त्या घोळक्यात उभ्या होत्या, जत्रेत नातवाला धरून कडेला. कॅमेऱ्यासमोर एकटं बसायचा मान त्यांना टेबलापलीकडच्या ऑपरेटरने दिला, तोही ‘हलू नका’ म्हणत.

यंत्राने गोंदण पुसण्याची ही पहिली खेप मात्र नव्हे. इथे जरा मागे जाते.

आपल्याकडे फोटोग्राफीचं शिक्षण फार लवकर सुरू झालं. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि व्यावसायिक स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक, हरिश्चंद्र चिंतामण, हे त्या काळातले मोठे फोटोग्राफर. तेव्हाची पद्धत कलोडियनची. काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. हा थर निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतो, लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळा. त्यामुळे निळं आकाश कागदावर पांढरं पडतं आणि लाल लुगडं काळं. तांबूस-तपकिरी कातडी मुळापेक्षा गडद येते, आणि निळसर-हिरवं गोंदण आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातं.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. चेहरा भरून गोंदलेली माणसं, पण एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक फोटोंत ते गोंदण फिकं, नाहीतर दिसतच नाही. मायकल ब्रॅडली या तिथल्या फोटोग्राफरने अलीकडे हीच जुनी पद्धत वापरून आजच्या माओरी स्त्री-पुरुषांचे फोटो काढले आणि शेजारी डिजिटल फोटो ठेवला. एकात गोंदण आहे, दुसऱ्यात तेच तोंड कोरं. वर्गात ही जोडचित्रं पहिल्यांदा दाखवली तेव्हा मला आजीचं गोंदलेलं कपाळ आठवलं होतं. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या, त्यांना हिरवं दिसू लागलं पण लाल नाही. आपल्या पणजीच्या फोटोत ठसठशीत कुंकू काळं दिसतं त्याचं हेच कारण.

रंगीत फिल्म आली तेव्हा ही गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना छपाईचा रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे, आणि त्या बाईच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट उतरली की यंत्र बरोबर. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं आली ती नव्वदच्या दशकात. तोवर जगभरच्या सावळ्या माणसांचे फोटो ज्या मोजपट्टीने छापले गेले तिच्यात ती माणसं नव्हतीच.

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येते. धुळ्या-जळगावच्या फोटोग्राफर मित्रांशी हे भांडण मी वर्षानुवर्षं करत आले आहे : फोटो ‘उजळ’ करावा की नाही?

ग्राहकाला उजळ हवा असतो, हे खरं. त्यावर आमच्यातले शिकलेले लोक नाक मुरडतात, ‘लोकांना गोरेपणाचं वेड’ म्हणून मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एकच गृहीत धरून चालतो, की समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. काळी म्हैस समोर उभी करा, तो तिला करडी करतो. आता पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर घातलेले आमचे आप्पा उभे करा. एवढा पांढरा रंग पाहून मापक प्रकाश आवळतो, टोपी करडी करतो, आणि टोपीखालचा उन्हाने रापलेला चेहरा अंधारात जातो. फोटो पाहून आप्पा विचारतात, “मी काय इतका काळा शे का?” ते बरोबर बोलतात. ते इतके काळे नाहीत. कॅमेऱ्याने त्यांना केलं. ‘उजळ करा’ या मागणीमागे वेड आहे तसाच पिढ्यानपिढ्यांचा हा अन्यायही आहे, आणि ती दुरुस्ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

चूक होते ती दुरुस्तीच्या पद्धतीत. स्टुडिओवाला सगळा फोटो वर खेचतो, गाल पिठूळ करतो, आणि आप्पांच्या जागी दुसराच कुणी गुळगुळीत इसम येतो. करायला हवं ते असं : प्रकाश टोपीवर नाही, चेहऱ्यावर मोजायचा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास बांधलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या आहेत. उन्हातली गोरी कातडी सहाव्या पायरीवर, मध्यम करडा पाचव्यावर. सावळा चेहरा पाचव्यावर किंवा किंचित खाली ठेवला तर तो आपल्या जागी येतो. सहाव्यावर ओढला की तो दुसऱ्याचा होतो.

पण पायरी ठरवणं हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा मला पदव्युत्तर वर्गात कुणी शिकवला नाही. तो मी सराव करता करता शोधला आणि त्याचा मला अभिमान आहे. कातडीवरून प्रकाश दोन तऱ्हांनी परततो. एक भाग आत शिरतो, रंग घेऊन विखरून बाहेर येतो. दुसरा भाग आत न जाता वरच्या वर परावर्तित होतो. समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा हा हिस्सा साधारण चार टक्के, आणि तो कातडी गोरी असो की काळी, जवळपास सारखाच. गोऱ्या चेहऱ्यात विखुरलेला प्रकाश इतका असतो की चेहऱ्याची ठेवण सावलीच्या चढउतारांतून कळते. सावळ्या चेहऱ्यात तो प्रकाश कमी परततो, म्हणून वरवरच्या चमकेचं महत्त्व वाढतं. गालफडाचं हाड, नाकाचा दांडा, कपाळाची गोलाई, ओठांची कड, हे सगळं चमक सांगते. तेव्हा सावळ्या माणसावर जास्त प्रकाश ओतू नये. मोठी, मऊ, उजळ जागा बाजूला धरावी आणि तिचं प्रतिबिंब कातडीवर सरकू द्यावं. चुन्याची भिंत, पांढरं धोतर, उघडं दार, काहीही चालतं. आणि पावडर लावू नये. पावडर नेमकी ती चमक मारते आणि चेहरा राखेसारखा दिसतो. आमच्या पोरी लग्नाच्या फोटोत राखेसारख्या दिसतात त्याचं खापर कॅमेऱ्यावर फोडतात. दोष थरांचा असतो.

सॉफ्टवेअरचा ‘स्मूथ’ हा पर्यायही हेच करतो. चमक म्हणजे तेलकटपणा, सावली म्हणजे डाग, सुरकुती म्हणजे दोष, असं धरून तो एकेक काढतो. सगळं काढून झाल्यावर उरतं ते कुणाचंच नसतं.

चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांच्यावर मी पदव्युत्तर प्रबंधात एक प्रकरण लिहिलं. खान्देशात राहून व्यक्तिचित्रणाचा विचार करायचा आणि त्यांना टाळायचं, असं होत नाही. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईत. विल्सन कॉलेजात शिक्षण, पुढे इंग्लंड, शेफील्डच्या बेनेट कॉलेजचा कमर्शिअल आर्टचा अभ्यासक्रम, त्यात फोटोग्राफी. जग पाहून हा पारशी माणूस तिसाच्या दशकाच्या शेवटी चाळीसगावला परतला आणि स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं राहिला, उंबरठा क्वचितच ओलांडून. ३१ डिसेंबर १९८९ ला तिथेच गेला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खं निसर्गदृश्य उभं करणारी टेबलटॉप फोटोग्राफी त्यांनी भारतात रुजवली. शेकडो पारितोषिकं मिळवली. बंगल्याला नाव दिलं ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’.

लोकांना यातलं काही नको असतं. केकी मूस म्हटलं की सगळे एकच सांगतात : प्रेयसीने येईन म्हणून वचन दिलं होतं, हे रोज रात्रीच्या मेलची वाट पाहत दार उघडं ठेवायचे. त्यांचं कलादालन पाहायला मी गेले आहे तेव्हा तेव्हा पाहुण्यांच्या तोंडी हीच गोष्ट, आणि भिंतीवरच्या चेहऱ्यांसमोर कुणी थांबत नाही. कथा खरी असेल किंवा वाढवलेली असेल, मला त्यात रस नाही. पन्नास वर्षं एका जागी बसून एक माणूस प्रकाशाशी काय करत होता, हे पाहायला आपल्याला वेळ नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

घराला रेम्ब्राँटचं नाव देणाऱ्याने सावलीचा अभ्यास केलेला असतो. स्टुडिओत ज्याला रेम्ब्राँट लाइट म्हणतात तो असा : मुख्य प्रकाश वरून आणि बाजूने, साधारण पंचेचाळीस अंशांत. अर्धा चेहरा सावलीत जातो, पण सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण पडतो. डोळ्याहून रुंद नाही, नाकाहून लांब नाही. बाकी सगळं अंधाराला देऊन तेवढ्या त्रिकोणावर माणूस उभा करायचा. मूस यांच्या व्यक्तिचित्रांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा सावलीवरचा भरवसा. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर एकही सुरकुती वाया गेलेली नाही. आजचं अ‍ॅप त्या चित्राला हात लावेल तर पहिल्यांदा सावली भरेल.

मी धुळ्यात कलाशिक्षण घेतलं आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी गुजरातेत गेले. नरडाण्याहून सुरतेची गाडी मिळते, म्हणून घरच्यांनी सोडलं. प्रबंधाचा विषय खान्देशातल्या स्टुडिओंमधली व्यक्तिचित्रं हा होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी मला धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं, खेड्यातल्या स्टुडिओंत पडदे, रंगकाम, उजळणं चालतं ही लोकांची स्वतःची सौंदर्यदृष्टी आहे. शहरात शिकून येऊन तिला खोटं ठरवणारी तू कोण?

हा आक्षेप हलका नव्हता. क्रिस्टोफर पिनी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातल्या नागद्यात राहून ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक लिहिलं, १९९७ चं. तिथल्या माणसांना फोटोत ‘आहे तसं’ दिसण्याची ओढ नसते, आपण जे होऊ शकतो ते त्यांना तिथे पाहायचं असतं, हे त्यांनी फार चांगलं दाखवलं आहे. माझ्या संग्रहातही ताजमहालच्या पडद्यापुढे उभं राहिलेलं शिरपूरचं नवदांपत्य आहे, स्टुडिओतल्या दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसलेला अमळनेरचा पोरगा आहे. ते फोटो खोटे नाहीत. पोरगा स्वतः त्या गाडीवर चढला, हँडल त्याने धरलं, मान त्याने वळवली. गौतम राजाध्यक्षांनी तारेतारकांना जन्मभर सुंदर दाखवलं, तेही मला मान्य आहे, कारण समोरच्या व्यक्तीशी बोलून, तिला सैल करून, तिच्या संमतीने ते घडत होतं. परीक्षकांना मी हेच उत्तर दिलं होतं आणि आजही त्यावर ठाम आहे : कसं दिसायचं ते बसणाऱ्याने ठरवावं. वारलेल्या बाईच्या हनुवटीवरचं गोंदण काढायचं हे तिने ठरवलेलं नाही. एका प्रणालीने ठरवलं, तेही न ठरवता.

त्या भावांना मी छापून देणार नाही असं सांगितलं आणि घरात जे जे फोटो असतील ते घेऊन या म्हटलं. बचत गटाचं कार्ड आलं, रेशनचं आलं, शेवटी धाकट्याच्या लग्नाचा अल्बम आला. त्यात हळदीच्या घोळक्यात त्या सापडल्या. पदर कपाळापर्यंत, चेहरा तिरका, कुणाकडे तरी पाहून काही बोलताहेत. फ्लॅशचा उजेड त्यांच्यापर्यंत पुरता पोचला नव्हता. मांडवाच्या बाजूने आलेली चमक तेवढी गालावर होती. आणि हनुवटीवर तीन ठिपके, स्पष्ट. तो भाग मी स्कॅन करून मोठा केला, दाणा तसाच ठेवला, काळोख थोडा सोडवला, आकार सहा बाय आठच्या वर नेला नाही, कारण त्यापुढे चेहरा फुटत होता. मावशीने तो हातात घेतला आणि कडोसरीची पिशवी काढून मला पैसे देऊ लागली.

पण गोष्ट इथे मिटली नाही, म्हणून तर हा लेख. फोटो न्यायला थोरली सून आली. बाई शिकलेली, सासूची सेवा केलेली. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “ताई, आईंना ते गोंदण कधी आवडलं नाही. लहानपणी धरून गोंदलं होतं, खूप दुखलं होतं म्हणायच्या. फोटो काढायचा म्हटलं की हनुवटीवर पदर घ्यायच्या. तुम्ही म्हणता बसणाऱ्याने ठरवावं. मग?”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं आणि अजून पुरतं नाही. बहिणीला ते ठिपके म्हणजे बहीण वाटत होती. त्यांना स्वतःला ती जबरदस्ती वाटत असेल. लग्नातल्या त्या क्षणी पदर हनुवटीवर नव्हता, कारण फोटो निघतोय हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे मी ज्याला खरा चेहरा म्हणते तो त्यांच्या परवानगीशिवाय टिपलेला. रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा लुसिडा’त आईच्या मृत्यूनंतर तिचा फोटो शोधण्याबद्दल लिहिलं आहे. शेवटी त्यांना आई सापडली ती तिच्या पाचव्या वर्षीच्या एका फोटोत, जे रूप त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि तो फोटो त्यांनी पुस्तकात छापला नाही. विद्यार्थिदशेत मला हे लेखकाचं लाडिक गूढ वाटलं होतं. त्या सुनेसमोर उभी असताना ते मला कळलं. एकाला ओळख पटवणारा फोटो दुसऱ्याला ती पटवेलच असं नाही, आणि जिचा चेहरा आहे तिचं म्हणणं तिसरंच असू शकतं.

तरी एका बाबतीत मी मागे हटत नाही. सासूबाईंना गोंदण नको होतं, तर पदर घेतलेला फोटो शोधू, हनुवटी सावलीत जाईल अशी छपाई करू, हवं तर एखाद्या चित्रकाराकडून घरच्यांना विचारून चित्र काढून घेऊ. त्यात माणसं माणसाबद्दल बोलून काही ठरवतात. सत्तर हजार परक्या चेहऱ्यांवरून बांधलेला अंदाज तिच्या नावाने भिंतीवर टांगून त्याला हार घालणं यात तिची इच्छा कुठेच नाही. सून म्हणाली, “ते पटतं.” गंधमुक्तीच्या फ्लेक्सवर मात्र तोच उजळ चेहरा गेला, कारण फ्लेक्सवाल्याकडे तो आधीच पोचला होता. घरात लग्नातला लागला आहे.

माझ्या व्यवसायातल्या तरुण पोरांना माझं सांगणं, मशीन वापरा, मीही वापरते. दाणा कमी करायला, ओरखडे भरायला, उडालेला रंग सावरायला. चेहऱ्याच्या आत त्याला शिरू देऊ नका. आणि शिरू दिलंच तर फोटोच्या मागे तसं लिहून द्या, म्हणजे पुढच्या पिढीला पणजी कशी होती याचा खोटा पुरावा मिळणार नाही.

वाचकांना सांगायचं आहे ते सोपं आहे. या दिवाळीत घरी म्हातारं माणूस असेल तर त्याचा एकट्याचा फोटो काढा. स्टुडिओ लागत नाही. सकाळी ज्या दारातून ऊन थेट आत येत नसेल त्या दाराशी खुर्ची ठेवा, दार त्यांच्या एका हाताला येईल अशी. घरातला दिवा बंद करा. पावडर लावू नका. पदर, टोपी, चष्मा, सगळं त्यांना हवं तसं, त्यांना विचारा. मोबाइलमधला ब्यूटी मोड आधी बंद करा, बऱ्याच फोनमध्ये तो न सांगता चालू असतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, बाजूला सूर्याची खूण दिसेल, ती सरकवून चेहरा जसा डोळ्यांना दिसतो तसा येईपर्यंत उजेड जुळवा. टोपी किंवा पदर थोडा जास्त पांढरा झाला तरी चालेल. त्यांच्याशी बोलत राहा आणि बोलता बोलता काढा. काढलेले फोटो त्यांना दाखवा, आणि ते म्हणतील तो ठेवा, बाकीचे त्यांच्यासमोर उडवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते अ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि बारकावे कायमचे जातात. आणि एक प्रत कागदावर छापून घ्या, मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि फोटो कुणी काढला ते लिहून.